हिवाळ्याची गती

शनिवार, २ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात एक चूक राहिली. मी लिहिलं होतं की 'सात दऱ्या' या संगणकावरच्या खेळातलं तुझं संगीत लोक अजून जसंच्या तसं ऐकतात. ऐकतात हे खरं आहे. जसंच्या तसं हे खरं नाही. पत्र पेटीत टाकलं, घरी येऊन हात धुतले आणि तिथेच, साबण हातात असताना, लक्षात आलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं ते बारीक अक्षरांचं माहितीपत्रक असतं ना, ते छपाईआधी तपासणं ही माझी नोकरी आहे. तिथे असे दोन शब्द माझ्या हातून सुटले असते तर साहेबांनी मला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

तर दुरुस्ती अशी. लोक ऐकतात ती तुझी हिवाळ्याची चाल, पण तू बांधलीस त्याहून बरीच संथ, आणि बऱ्याच खालच्या पट्टीत. बाबांनी ती खेळात बसवताना किती वेगाने वाजवायची तो आकडा चुकला, म्हणून ती रेंगाळत वाजते. हे मी तुला काय सांगणार, त्यावरूनच तू घर सोडलंस. मला सांगायचं होतं ते एवढंच की ऐकणाऱ्यांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं, ती अशीच आहे.

ऐकणारे म्हणजे कोण, तेही नीट लिहायला हवं होतं. जगभर विखुरलेले आहेत, पण आमच्या शहरात आम्ही दहा-बारा जण रविवारी एका भाषावर्गाच्या रिकाम्या खोलीत जमतो. फळ्यावर कुठल्यातरी भाषेची क्रियापदं असतात, ती पुसायची नाहीत या अटीवर खोली मिळते. खेळ ऐकून ऐकून आम्ही तुझी चाल कागदावर उतरवली आहे. एकमेकांना खेळातल्याच नावांनी हाक मारतो. आमचे प्रमुख दंतवैद्य आहेत, त्यांना सेनापती म्हणतात, कारण ते प्रत्येक लढाई हरतात. बस चालवणाऱ्या एक बाई सेलो वाजवतात. त्यांच्या पिशवीत तारा, पेन्सिली, डोकेदुखीच्या गोळ्या, सुईदोरा, सगळं असतं, म्हणून त्या कोठार. व्हायोलिनवर एक उंच, काटकुळा हिशेबनीस आहे, तो भालाईत. मी टेहळणी. कारण उघड आहे, मी सगळ्यांच्या चुका काढते.

तू तो खेळ कधी खेळली नसशील, म्हणून सांगते. दऱ्यांमध्ये गावं वसवायची, तटबंदी उभारायची, धान्य साठवायचं, मग 'पाळी संपली' हे बटण दाबायचं. दाबलं की शत्रूची पाळी. हिवाळ्यात तुझी चाल सुरू होते आणि बटण दाबेपर्यंत वाजत राहते. दाबलं की तुटते. म्हणून कितीतरी लोक बटण दाबतच नाहीत. सैन्य बर्फात उभं, शत्रू समोर, आणि हा माणूस स्वयंपाक करतोय, कपडे वाळत घालतोय, तुझी चाल ऐकत. आमच्यात याला 'तळ ठोकणं' म्हणतात.

आता मूळ मुद्दा. रविवारी १५ डिसेंबरला ग्रंथालयाच्या सभागृहात आम्हाला ती चाल वाजवायची आहे. मी तुझी भाची आहे हे त्यांना कळल्यावर सेनापती खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. म्हणाले, "मग परवानगी तूच आण. त्यांच्या होकाराशिवाय एक सूर वाजणार नाही."

चाल संथ का आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

तुझी,
बारकी


रविवार, १० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आजही सांगणं झालं नाही. तालीम इतकी छान झाली की तोंड उघडवेना. शेवटी 'आजोबा' गुणगुणतात तो भाग आला आणि कोठारनी डोळे मिटून घेतले. अशा वेळी मध्ये बोलायचं तरी कसं?

मला कसं कळलं, हे तू विचारशील. बाबांनी सांगितलं नाही. तू गेलीस त्या दिवशीचं मला फक्त तुमचं ओरडणं आठवतं, शब्द आठवत नाहीत. मला कळलं ते पाढ्यावरून. शाळेच्या फाटकाशी गेलं की मला उलटी व्हायची, म्हणून आईने आणि तू मला घरीच शिकवायचं ठरवलं. आठवतं? अक्षरं आईकडे, आकडे तुझ्याकडे. तू तेव्हा हीच चाल बांधत होतीस. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटांच्या पेरांनी ठेका धरायचीस आणि मी त्यावर सातचा पाढा म्हणायची. सात, चौदा, एकवीस, सत्तरपर्यंत एका श्वासात. श्वास सत्तरला संपायचा आणि चालीची ओळही तिथेच.

मागच्या वर्षी भांडी घासताना खेळ चालू होता. मी नकळत पाढा सुरू केला आणि छप्पन्नला माझा श्वास संपला. पुन्हा म्हटला, पुन्हा छप्पन्न. मला वाटलं फुप्फुसांना काही झालं. डॉक्टरकडे जाऊन आले, खरंच. ते म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत, काळजीवरचं औषध माझ्याकडे नाही. मग मी चालीचा वेग वाढवून पाहिला. एका वेगाला श्वास आणि ओळ दोन्ही बरोबर सत्तरवर येऊन थांबले. आकडा कुठे चुकला आणि तुमचं भांडण कशाचं होतं, हे मला तिथे, ओल्या हातांनी, कळलं.

बाबांना याबद्दल विचारलं नाही. ते रोज दुपारी तोच खेळ उघडून बसतात, पण आवाज बंद करून. इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या खोलीतून तुझी चाल ऐकू आली नाही. त्यांना लाज वाटत असणार. मग मी कशाला खपली काढू?

परवानगीचं कळव. नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण कळव.

बारकी


बुधवार, २० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि कार्डावर दोनच शब्द: 'आजोबा कोण?'

मी हसले, मग मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुला समजावून न सांगता तो शब्द लिहून मोकळी झाले होते.

आत्या, आजोबा म्हणजे तू. चालीच्या मागे तू गुणगुणली आहेस ना, तो आवाज संथ होऊन इतका खाली गेला की म्हाताऱ्या माणसाचा वाटतो. लोकांनी त्या आजोबांचं सगळं चरित्र रचलं आहे. ते दरीच्या तोंडाशी पहारा करतात, त्यांचा मुलगा लढाईवर गेलेला आहे, ते त्याची वाट बघत शेकोटीशी बसले आहेत. कुणी त्यांची चित्रं काढली आहेत. दाढीसकट. आणि तुझ्या बोटांच्या पेरांचा ठेका म्हणजे म्हणे मोठ्या कातडी नगाऱ्याचा घुमारा. तो नगारा कुठल्या जातीचा, यावर दोन गटांचं गेली काही वर्षं एकमेकांशी बोलणं बंद आहे. तो आमच्या टेबलाचा आवाज आहे. पाय मोडलेल्या बाजूचा.

हे सगळं मी या रविवारी त्यांना सांगितलं. उभी न राहता, बसूनच बोलले. मग चाल खऱ्या वेगाने ऐकवली.

पहिल्यांदा सगळे हसले. गोष्ट चालू असताना कुणी आजोबांची दाढी ओढावी आणि आत तरुण बाई निघावी, तसंच झालं. मग हसू थांबलं. तुझा आवाज खूप आनंदी आहे, आत्या. मी विसरले होते.

सेनापती म्हणाले, "टेहळणी, आजोबांना मारलंस तू."

"मी नाही मारलं. ते नव्हतेच."

"माझ्याकडे होते," कोठार म्हणाल्या. त्यांनी सेलो आडवा ठेवला. "आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिच्या उशाशी तळ ठोकायची. ती म्हणायची, त्या बाबाला चालू ठेव गं, तो जागा आहे म्हणजे मी झोपते. ती काय या पोरीच्या भरवशावर झोपली असती?"

भालाईत म्हणाला, "ज्यांनी बांधलं त्यांनी ठरवायचं. आपण काय, ऐकणारे. माझ्या हिशेबात चूक सापडली तर ती आवडते म्हणून मी ठेवू का?"

"तुझा हिशेब ऐकून कुणी झोपतं का?"

"साहेब झोपतात."

पुन्हा हसले, पण खोलीत दोन बाजू पडल्या होत्या. शेवटी ठरलं की आत्या सांगतील त्या गतीने वाजवायचं. सगळ्यांनी मान्य केलं. कोठारनी मान हलवली, पण जाताना पिशवी विसरल्या. त्या कधी काही विसरत नाहीत.

तू सांग.

बारकी


रविवार, १ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'जलद वाजवा. नाहीतर वाजवू नका.' ठीक आहे. आम्ही जलद वाजवतो आहोत. भालाईत खुशीत आहे. सेनापतींची दमछाक होते, ते बासरी वाजवतात आणि मध्येच दात तपासायला वाकल्यासारखे पुढे झुकून श्वास घेतात. कोठार तालमीला येत नाहीत. मी त्यांची पिशवी द्यायला आगारात गेले होते. त्या बसच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "रागावले नाही गं. माझे हात तसे चालतच नाहीत."

हे पत्र मात्र दुरुस्तीचं आहे. दोन दुरुस्त्या आहेत आणि दुसरी लिहू की नको यात माझे दोन दिवस गेले.

पहिली. मी लिहिलं होतं की बाबा आवाज बंद करून खेळतात. ते चूक आहे. परवा दुपारी कात्री आणायला त्यांच्या खोलीत गेले. ते पाठमोरे बसले होते, आणि खुर्चीच्या मागून एक बारीक वायर त्यांच्या कानात गेलेली होती. पडद्यावर हिवाळा होता. सैन्य बर्फात उभं होतं. कोठारं भरलेली, तटबंदी पुरी, करायला काही शिल्लक नाही. मी बराच वेळ उभी होते. त्यांनी बटण दाबलं नाही.

मी खांद्याला हात लावला तसे ते दचकले आणि त्यांनी वायर ओढून काढली. लहान मुलाला खाताना पकडावं तसा चेहरा झाला.

मी म्हटलं, "तुम्ही तळ ठोकता?"

"काय ठोकतो?"

"पाळी का संपवत नाही?"

"संपवली की वसंत येतो," बाबा म्हणाले. "वसंताची चाल कंपनीच्या मालकाच्या मेव्हण्याने बांधलेली आहे. ती ऐकवत नाही."

मला हसू आलं, त्यांनाही. मग मी विचारलं, आत्या. मी कधी विचारलं नसतं, पण ते हसत होते. मी म्हटलं, "रोज ऐकता, मग स्वतःची चूक रोज ऐकून त्रास नाही होत?"

त्यांनी वायर बोटाला गुंडाळली. मग जे म्हणाले ते मी त्यांच्या खोलीतून बाहेर येऊन लगेच लिहून काढलं. माझ्या शब्दांत लिहिलं तर काहीतरी सौम्य होईल, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते.

"चूक पहिल्या दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी मी ऐकली. खेळाच्या तबकड्या छापायला जायला अजून वेळ होता, एक आकडा बदलायचा, संपलं. मी आकडा बदलायला बसलो आणि दुपारभर ऐकतच राहिलो. ताईने बांधलेली चाल चांगलीच होती. पण ही ऐकताना मला वाटलं, हिवाळा हा असा असतो. बदलवेना मला."

"मग आत्याला विचारायचं ना."

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणून नाही विचारलं."

"आणि नंतर?"

"नंतर ती खेळ ऐकून आली आणि ओरडली, हे कुणी केलं? माझ्या तोंडून निघून गेलं, चूक झाली गं ताई. चूक म्हटलं की माफी मागता येते. मला आवडलं म्हणून तुला न विचारता ठेवलं, याची माफी कशी मागायची? अजून आवडतंच की मला."

तर ही दुसरी दुरुस्ती. माझ्या २ नोव्हेंबरच्या पत्रात 'आकडा चुकला' असं आहे. आकडा एकदाच चुकला. नंतर तो ठेवलेला आहे.

आई दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं यांचा कान दुखतो म्हणून काहीतरी घालून बसतात. मी तेल गरम करून देत होते. आणि हे मुकाट्याने घालून घेत होते!"

मी बाबांना विचारलं, हे आत्याला लिहू का. ते म्हणाले, "लिही. मला जमलं नाही ते लिही."

हे वाचून तू आणखी चिडशील, हे मला कळतं. भावाच्या हातून चूक झाली असं समजून तू गेलीस, आणि आता कळतंय की त्याने जाणूनबुजून केलं. इतक्या वर्षांनी चूक एकवेळ सोसता आली असती. मी न लिहिता गप्प बसले असते तर तू जलद वाजवा म्हणालीच होतीस, सगळं सरळ झालं असतं. पण तू तो निर्णय माझ्या चुकीच्या माहितीवर घेतलास. तसा तो मी कसा वापरू?

पुन्हा विचारते. कोणत्या गतीने?

बारकी


रविवार, ८ डिसेंबर

प्रिय आत्या,

या वेळी दुरुस्ती नाही, म्हणून सुरुवात कशी करावी तेच समजत नाही.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन दिसला की मी जिन्यात जाऊन उभी राहते. काल तोच म्हणाला, "ताई, आलं असतं तर तुमच्या आधी मी धावत आलो असतो."

आज तालमीत मी सगळ्यांना बाबांचं सांगितलं. उभी राहून सांगितलं. भालाईत भडकला, म्हणाला, हा तर सरळ सरळ आगाऊपणा झाला. सेनापती बराच वेळ बासरी पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तळ ठोकणारा पहिला माणूस तुझे बाबा." कोठार आज आल्या होत्या, पिशवीसकट. त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्या बहिणीला अजून कुणी सांगितलंच नाही, की तिची चाल आवडली म्हणून हे झालं. तिला वाटतंय, निष्काळजीपणाने झालं."

मी म्हटलं, "मी लिहिलं."

"लिहिलंस. सांगितलं नाहीस."

मी यावर विचार करते आहे. कामावर माझ्याकडे पत्रक येतं तेव्हा त्यात गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. मी फक्त पाहते की लिहिलेलं आहे आणि बरोबर छापलं आहे. ती जागा रिकामी असली तर मी अंदाजाने भरत नाही. पत्रक थांबवते आणि ज्यांनी लिहायचं त्यांच्याकडे पाठवते. मला तुझी गती आवडते, तिच्यावर मी मोजायला शिकले. बाबांची गतीही आवडते, ती ऐकत मी मोठी झाले, आणि तू गेल्यावर घरात तुझा आवाज म्हणून तेवढाच होता, तो तुझा हे मला ठाऊक नसताना. दोन्हींपैकी कुठली खरी, हे मी सांगू शकत नाही. सांगणं माझ्याकडे नाही, बाबांकडे नाही, आमच्या गटाकडेही नाही. तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारायचं आहे, आणि ते कागदावर विचारून भागत नाही.

म्हणून मी स्वच्छ प्रत उतरवली आहे. पहिल्या ओळीच्या डोक्यावर, जिथे गतीचा आकडा लिहितात, तिथे जागा कोरी आहे. तू जो आकडा लिहिशील तो. जलद लिही, संथ लिही, दोन्ही लिही. काहीच लिहिलं नाहीस तर आम्ही वाजवणार नाही, खुर्च्या मांडलेल्या असल्या तरी. सेनापतींनी सगळ्यांसमोर शब्द दिला आहे. भालाईतानेसुद्धा, कुरकुरत.

कागद पाकिटात घालून पाठवणार नाही. मी घेऊन येते. पेन्सिल कोठारनी दिली आहे, टोक काढून.

बाबाही येणार आहेत. मी आग्रह केला नाही, ते आपणहून चपला घालून दाराशी आले आणि म्हणाले, "कधी निघायचं?" मला सांगावं लागलं की आजच नाही. ते तुझ्या दारापर्यंत येणार नाहीत. बसथांब्याच्या बाकावर बसतील. तू बोलावलंस तर येतील, नाहीतर परतीच्या बसपर्यंत तिथेच थांबतील. थांबणं त्यांना जमतं.

तुझ्या घराला फाटक आहे का, मला माहीत नाही. असलं तर तिथे मला काय होईल सांगता येत नाही. रुमाल जवळ ठेवते. तू बाहेर येऊ नकोस, दार उघडं ठेव आणि फक्त आतून टेबलावर ठेका धर. तुझ्या गतीचा. मी सात, चौदा, एकवीस म्हणत आत येईन, आणि सत्तरला तुझ्यासमोर असेन.

सकाळच्या पहिल्या बसने निघतो. शनिवारी, चौदा डिसेंबरला.

तुझी,
बारकी